संगणक तापतो कशाने? कारखानदारांनो, हवेची वाट मोकळी ठेवा

मे महिन्यातील दुपार. मालेगावात पारा ४२ अंशांवर गेलेला. आमच्या परिचयाचे एक यंत्रमागधारक हाजीसाहेब कारखान्यातल्या छोट्या ऑफिसात जीएसटीचे विवरणपत्र भरायला बसले होते. महिन्याची २० तारीख, म्हणजे शेवटचा दिवस. निम्मी माहिती भरून झाली आणि संगणक आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला, दहा मिनिटे चालला, पुन्हा बंद. मेकॅनिक आला. तो म्हणाला, "चाचा, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट झाले, पैसे दिले. आठवड्याने पुन्हा तोच प्रकार. या वेळी रॅम बदलली. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका मुलाने डबा उघडून पाहिला. आतल्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंचा चांगला बोटभर जाडीचा थर बसला होता, अगदी नमद्यासारखा. हाताने उचलला तर एका तुकड्यात निघाला. तो काढल्यावर संगणक दिवसभर न थांबता चालला.

दुरुस्तीला गेलेल्या पैशांचे हाजीसाहेबांना फारसे वाटले नाही. पण पहिल्या फॉरमॅटमध्ये दोन महिन्यांचा उधारीचा हिशेब पुसला गेला होता. कोणाला किती बीम दिले, कोणाकडून किती येणे आहे, मजुरांची उचल किती, हे सर्व त्यात होते. काही लोकांनी इमानदारीने आपली रक्कम सांगितली. काहींनी सांगितली नाही. आणि खुद्द हाजीसाहेबांना कोणाचे किती देणे होते, हेही त्यांना नीट आठवेना. ते आम्हाला म्हणाले, "माझे बुडाले त्याचे दुःख नाही. पण दुसऱ्याचे माझ्याकडे राहून गेले असेल, तर त्याचा जाब मला द्यावा लागेल."

या एका वाक्यामुळे आम्ही हा विषय आजच्या व्यापार पानावर घेतला आहे.

यंत्र आपले, हिशेब सर्वांचा

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि ज्या दुकानात पूर्वी लाल कापडाची वही पुरत होती, तिथेही संगणक आला. आज बिले, मालाचा साठा, कामगारांची मजुरी, भरतकामाचे नमुने, छपाईची कामे, सगळे त्याच डब्यात असते. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना आपले अनेक व्यापारी बांधव त्याच पडद्यासमोर बसतात. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहून ठेवण्याला आपल्या दीनमध्ये एवढे महत्त्व असताना, ज्यावर आपण लिहितो त्या साधनाची निगा राखणे ही फुरसतीची गोष्ट मानून चालणार नाही. तो हिशेब म्हणजे लोकांची अमानत आहे.

आमचे निरीक्षण असे आहे, की आपल्या कारखान्यांत आणि दुकानांत संगणकाला चांगल्या जागेवरून हुसकावून उरलेल्या जागेत ठेवले जाते. टेबलाच्या बंद कप्प्यात, गाठोड्यांच्या मागे किंवा थेट जमिनीवर. मग तो तापतो, आणि दोष उन्हाला, कंपनीला किंवा व्हायरसला दिला जातो.

उष्णता येते कुठून आणि जाते कुठे

ज्या पत्र्याच्या डब्याला आपण सर्वजण 'सीपीयू' म्हणतो, तो जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत जाते. हिशेबाचे काम करणारा साधा संगणक ५० ते १०० वॅट वीज घेतो. म्हणजे जुन्या काळचा १०० वॅटचा पिवळा बल्ब त्या डब्यात दिवसभर जळतो आहे, असे समजा. डिझाइन किंवा व्हिडिओच्या कामासाठी मोठे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर हा आकडा ३०० वॅटच्याही पुढे जातो. १९९३ साली पहिला पेंटियम आला तेव्हा त्याची उष्णता १५ वॅटच्या आसपास होती आणि तेवढ्यासाठीही त्यावर पंखा बसवावा लागला. आजच्या साध्या प्रोसेसरवर ६५ वॅट हा आकडा सर्रास छापलेला असतो.

ही उष्णता बाहेर नेण्याचे काम हवा करते. बहुतेक डब्यांत गार हवा पुढच्या जाळीतून आत येते, प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधून फिरते आणि मागच्या पंख्याने बाहेर पडते. पॉवर सप्लायचा पंखा वेगळा असतो. म्हणजे पुढून आत आणि मागून बाहेर, अशी ही एक वाट आहे. ती कुठेही अडली, की पुढचे सगळे बिघडते.

थोडा हिशेब करून पाहू. १०० वॅट उष्णता वाहून नेताना हवा फक्त १० अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा डब्यातून जायला हवी. दर दोन सेकंदांना एक बादलीभर हवा म्हणा ना. खोलीत ४२ अंश असतील, तर बाहेर पडणारी हवा ५२ अंशांची होईल. हे यंत्र सहन करते. पण जाळी तुंबून हवा निम्मीच जाऊ लागली, तर तीच हवा २० अंशांनी तापते आणि ६२ अंशांवर जाते. प्रोसेसर तर त्या हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम असतो. १०० अंशांच्या आसपास पोचला, की आजचे प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात, आणि तरीही उष्णता वाढली तर जीव वाचवण्यासाठी संगणक बंद होतो. हाजीसाहेबांचा संगणक बिघडला नव्हता. तो स्वतःला वाचवत होता.

यातून एक साधी ओळख पटते. संगणक सकाळी ठीक चालतो, दुपारी मंद होतो, पंख्याचा आवाज वाढतो आणि थोड्या वेळाने तो आपोआप बंद पडतो, असे होत असेल तर व्हायरसच्या आधी उष्णतेवर संशय घ्यावा. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली, की जी निळी-काळी पाटी येते, तिथे बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरचे तापमान लिहिलेले दिसते. काम नसताना ४०-५० अंश आणि कामाच्या वेळी ७०-८० अंश असतील तर काळजी नाही. साध्या बिले करण्याच्या कामात ९० च्या वर जात असेल, तर डबा उघडण्याची वेळ झाली आहे.

उष्णतेचा मार प्रोसेसरपुरता नसतो. मदरबोर्डवर आणि पॉवर सप्लायमध्ये लहान डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्याबाबत जाणकारांचा ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढले तर आयुष्य निम्मे होते. यूपीएसची बॅटरीही उष्णतेत लवकर जाते. म्हणून यूपीएस सीपीयूच्या डोक्यावर किंवा त्याच्या गरम हवेसमोर ठेवू नये.

आधी जागा बदला, पैसे नंतर खर्च करा

पहिला उपाय फुकट आहे. सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा. कप्प्यात मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून परत आत जाते आणि तीच ती हवा पुन्हा पुन्हा तापते. कप्प्यातच ठेवणे भाग असेल, तर कप्प्याची मागची फळी काढून टाका आणि पुढचे दार काम चालू असताना उघडे ठेवा.

डब्याच्या मागे भिंतीपर्यंत किमान एक वीतभर जागा असावी. पुढची जाळीही मोकळी असावी. तिच्यासमोर फायली, ठोकळे किंवा कापडाचे ताके लावू नयेत. डब्यावर रुमाल किंवा प्लॅस्टिकचे कव्हर घालायचे ते यंत्र बंद असतानाच.

जमिनीवर ठेवू नका. झाडू मारताना उडणारी सगळी धूळ पुढच्या जाळीत जाते. काही डब्यांत पॉवर सप्लाय तळाशी असतो आणि खालूनच हवा ओढतो. एक-दीड फूट उंचीचा लाकडी किंवा लोखंडी स्टँड करून घ्या. आपल्याच गल्लीतला सुतार किंवा वेल्डर तो अर्ध्या दिवसात करून देईल.

इस्त्रीचे टेबल, बेकरीची भट्टी, खिडकीतून येणारे दुपारचे ऊन आणि फ्रिजची मागची बाजू, यांपासून यंत्र दूर ठेवा.

पंखे योग्य दिशेने फिरतात का, हे पाहण्यासाठी सुताचा एक धागा पुरतो. तो पुढच्या जाळीसमोर धरला तर आत ओढला गेला पाहिजे आणि मागे धरला तर बाहेर फेकला गेला पाहिजे. मागचा पंखा उलटा बसवलेला सीपीयू आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिला आहे. दोन्ही पंखे हवा आतच ढकलत होते आणि मालक दर उन्हाळ्यात नवा प्रोसेसर शोधत होते.

अनेक ठिकाणी डब्याचा बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावलेला दिसतो. तात्पुरते तापमान कमी होते हे खरे. पण कारखान्यात याचा अर्थ सगळी धूळ थेट मदरबोर्डवर उडवणे असा होतो. शिवाय पुढून मागे जाणारी वाटही मोडते. पत्रा लावून वाट साफ ठेवणे हेच टिकाऊ काम.

ज्याचा धंदा, त्याची धूळ

पुस्तकी सल्ल्यात 'धूळ' हा एकच शब्द असतो. आपल्या लोकांचे व्यवसाय वेगवेगळे, म्हणून धूळही वेगळी.

यंत्रमाग आणि शिलाई: मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कारखान्यांत कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. ते लांब असल्यामुळे एकमेकांत गुंततात आणि पात्यांवर चादर विणतात. सुदैवाने त्यांना अडवणेही सोपे आहे. पुढच्या जाळीवर बारीक नायलॉनची जाळी लावली, की बहुतेक तंतू बाहेरच राहतात. घरी शिलाईकाम करणाऱ्या आपल्या भगिनींच्या यंत्रालाही हेच लागू आहे.

सुतारकाम आणि फर्निचर: लाकडाचा भुसा बारीक असतो आणि पॉलिशच्या वाफेबरोबर चिकटतो. रंधा आणि सँडिंगचे काम जिथे होते, त्या खोलीत संगणक नसावाच. मधे एक पार्टिशन आणि दार असले तरी मोठा फरक पडतो.

बेकरी आणि पिठाची चक्की: पीठ साध्या जाळीतून जाते. तिथे धुता येणारा पातळ फोम लावावा. दमट हवेत पिठाचा लगदा होऊन तो पात्यांना चिकटतो, म्हणून पावसाळ्याआधी एकदा सफाई हवीच.

गॅरेज, वेल्डिंग, पितळ आणि लोखंडाचे काम: ही धूळ सर्वांत घातक. धातूचा कीस वीज वाहून नेतो. तो मदरबोर्डवर दोन टाक्यांच्या मध्ये पडला, तर शॉर्ट होऊन बोर्ड जळतो. इथे संगणक ग्राइंडरपासून दूर, वेगळ्या केबिनमध्येच ठेवावा.

कोकण किनारा: तिथल्या बांधवांना धुळीपेक्षा खारट दमट हवेचा त्रास अधिक. यंत्र महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ सुरू ठेवावे, म्हणजे आत ओल धरत नाही.

जाळी लावल्यावर एक गोष्ट विसरू नये. जाळी धूळ अडवते तशी हवाही थोडी अडवते. ती तुंबली, की जाळी नसलेल्या डब्यापेक्षाही वाईट अवस्था होते. म्हणून यंत्रमागाच्या खोलीत दर आठवड्याला, जुमाच्या सुटीच्या दिवशी, ती झटकून धुऊन वाळवून परत लावण्याची सवय करावी. आणखी एक युक्ती अशी, की आत हवा घेणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवावा. मग डब्यात हवेचा दाब किंचित जास्त राहतो आणि फटींमधून धूळ आत शिरत नाही.

सफाई कशी करावी

गर्दीच्या कारखान्यात दर दोन-तीन महिन्यांनी आणि साध्या दुकानात वर्षातून दोनदा डबा उघडून सफाई करावी. पद्धत अशी:

संगणक बंद करून विजेची वायर काढावी. केवळ बटण बंद करून भागत नाही. वायर काढल्यावर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. डबा मोकळ्या हवेत न्यावा आणि तोंडाला कापड बांधावे. आतल्या पत्र्याला एकदा हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

हाताच्या ब्लोअरने आतून बाहेर धूळ उडवावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने किंवा पेन्सिलने धरून ठेवावे. ब्लोअरच्या जोराने पंखा भलत्याच वेगाने फिरला, तर त्याचे बेअरिंग जाते. पात्यांमध्ये अडकलेला थर मऊ कोरड्या ब्रशने सोडवावा. केवळ पंख्यावरची धूळ पुसून थांबू नये. खरा थर पंखा आणि पात्यांच्या मध्ये असतो, आणि तो पंखा काढल्याशिवाय दिसत नाही.

गॅरेजमधला कॉम्प्रेसर वापरू नये. त्याचा दाब फार असतो, शिवाय टाकीतले पाणी आणि तेलाचे थेंब हवेबरोबर येतात. ओले फडकेही नको. पॉवर सप्लायचा डबा खोलू नये, कारण वायर काढल्यावरही आत धक्का बसेल एवढी वीज काही काळ शिल्लक असते. त्याच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारावी.

प्रोसेसर आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये पांढरी किंवा करडी पेस्ट असते. ती काही वर्षांनी वाळून पापडासारखी होते आणि उष्णता नीट पुढे जात नाही. पाती प्रोसेसरवरून सोडवलीच, तर जुनी पेस्ट पुसून नवी लावणे आवश्यक आहे. वाटाण्याएवढा एक ठिपका पुरतो. जास्त लावल्याने जास्त गार होत नाही.

एसी घ्यावा का?

हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. माणसांसाठी एसी घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पण फक्त संगणकासाठी घेणार असाल, तर आधी डबा उघडून पाहा. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅटच्या घरात वीज खातो. डब्यात बसणारा १२० मिलिमीटरचा पंखा दोन-चार वॅट घेतो आणि काहीशे रुपयांत मिळतो. तुंबलेल्या डब्याला एसीची हवा लागतच नाही, कारण ती आत जायला वाटच नसते. अशा वेळी एसीवर केलेला खर्च हा सरळ सरळ इसराफ आहे.

खानदेशात आणि मराठवाड्यात कूलर जास्त चालतो. त्याने खोली गार होते आणि यंत्रालाही बरे वाटते. मात्र कूलरचा झोत आणि तुषार थेट डब्यावर येऊ देऊ नयेत. कूलर एका कोपऱ्यात, संगणक दुसऱ्या, आणि खिडकी थोडी उघडी, हे ठीक.

थंडपणावर सगळी भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. २००७ साली गूगल कंपनीने आपल्याकडील लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की डिस्क थोडी जास्त गार ठेवली म्हणून ती कमी बिघडते असे नाही. फार उष्णतेतच फरक जाणवतो. अर्थात, नीट जपलेली डिस्कही एक दिवस जाऊ शकते. म्हणून हिशेबाच्या दोन प्रती कराव्यात. एक दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि ती कारखान्यात न ठेवता घरी. कोणीही 'फॉरमॅट' हा शब्द उच्चारला, की त्याआधी प्रत घेतली आहे का, हे विचारावे.

आमच्या तरुणांना दोन शब्द

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आपली शेकडो मुले आहेत. त्यांना आमची विनंती आहे. ग्राहकाला व्हायरस सांगण्याआधी चार स्क्रू काढून आत डोकवा. तापमान पाहा. सफाईने काम होत असेल तर सफाईचेच पैसे घ्या, रॅम विकू नका. मोजमापात खोट करणे जसे हराम, तसे न झालेल्या बिघाडाचे पैसे घेणेही. आणि यात धंदाही आहे. एक ब्लोअर, एक ब्रश, स्क्रू ड्रायव्हर आणि पेस्टची एक नळी एवढ्या भांडवलावर एखाद्या औद्योगिक वस्तीतल्या पन्नास कारखान्यांची वार्षिक सफाईची कामे धरता येतील. मालकाला दोन-तीन महिन्यांनी आठवण करून देणारा माणूस हवाच असतो.

हाजीसाहेबांनी आता सीपीयू स्टँडवर ठेवला आहे, पुढे नायलॉनची जाळी लावली आहे आणि दर जुमाला त्यांचा धाकटा मुलगा ती धुतो. उधारीचा हिशेब दोन ठिकाणी असतो. गेलेल्या दोन महिन्यांसाठी ते स्वतः एकेका व्यापाऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "तुमच्या वहीत माझ्याकडे जे निघते, ते मला मान्य आहे." असे करणारे थोडे. पण तशी वेळच येऊ नये यासाठी लागते ती फक्त वीतभर जागा, एक जाळी आणि आठवड्याची दहा मिनिटे.

या अंकाचे वाचन झाले, की आपल्या टेबलाखाली एकदा वाकून पाहावे. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.